साडेचौदाव्या दिवसाचा उंदीर

उंदराचं एखादं जनुक निकामी करायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं, ही गेल्या साडेतीन दशकांत जीवशास्त्राची नेहमीची रीत झाली आहे. पंचाईत अशी की पुष्कळदा पाहायला उंदीरच उरत नाही. इंटरनॅशनल माउस फिनोटाइपिंग कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने २०१६ साली ‘नेचर’मध्ये १,७५१ जनुकांचा हिशेब मांडला. त्यातल्या ४१० जनुकांच्या बाबतीत दोन्ही प्रती निकामी असलेलं एकही पिल्लू आईचं दूध सुटण्याच्या वयाला आढळलं नव्हतं. यातल्या पुष्कळांचा कारभार गर्भाशयातच आटोपलेला असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या अवयवात, नेमकं काय चुकलं? हे सांगायचं तर बिघडलेल्या गर्भाशेजारी सुदृढ गर्भ ठेवून पाहावा लागतो, आणि सुदृढ गर्भ त्या वयात कसा दिसतो याचा सर्वांना मान्य असा नमुना हाताशी असावा लागतो. भ्रूणविकासाचा अ‍ॅटलस म्हणजे हा नमुना. पूर्वी तो पुस्तकात असे, आता तो त्रिमितीय रूपात संगणकात असतो.

गेल्या तीस वर्षांत गर्भाची प्रतिमा घेण्याची तंत्रं झपाट्याने सुधारली आणि त्यांचं कौतुकही भरपूर झालं. या क्षेत्राचा एकूण प्रवास पाहता मला मात्र वाटतं की अवघड काम दुसरीकडेच होतं. कोणत्या ऊतीला काय नाव द्यायचं, समोरच्या गर्भाचं वय किती धरायचं आणि ‘नॉर्मल’ कशाला म्हणायचं, यावर एकमत घडवणं हे ते काम. प्रतिमा यंत्र देतं. ही तीन उत्तरं माणसांनी बसून ठरवावी लागली, आणि त्यातली दोन अजून पुरती ठरलेली नाहीत.

गर्भाचे पातळ काप काढायचे आणि त्यांवरून पुन्हा अख्खा गर्भ उभा करायचा, ही धडपड संगणकाच्या फार आधीची. १८८०च्या दशकात गुस्टाव्ह बोर्न या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने त्यासाठी मेणाच्या पाट्यांची पद्धत रूढ केली. सूक्ष्मदर्शकातून दिसणारा प्रत्येक काप मोठा करून पाटीवर रेखायचा, आकार कापून घ्यायचा, पाट्या एकावर एक रचायच्या. अशा मेणाच्या गर्भांवर युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. उंदराच्या वाट्याला शिस्तशीर अ‍ॅटलस आला तो बराच उशिरा. १९७२ साली कार्ल थाइलर यांनी घरच्या उंदराच्या वाढीवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं आणि फलनापासून जन्मानंतरपर्यंतच्या प्रवासाचे २८ टप्पे पाडले. ‘थाइलर टप्पा’ ही मोजपट्टी आजही चालते. त्यानंतर १९९२ साली एडिंबरोच्या मॅथ्यू कॉफमन यांचा ‘द अ‍ॅटलस ऑफ माउस डेव्हलपमेंट’ आला. पानोपानी कापांची छायाचित्रं, त्यांवर आकडे, समोर त्या आकड्यांची नावं. उंदराच्या गर्भावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत हा ग्रंथ प्रमाण मानला गेला. याच कॉफमन यांनी १९८१ साली केंब्रिजमध्ये मार्टिन इव्हान्स यांच्याबरोबर उंदराच्या गर्भातून मूलपेशी वेगळ्या काढल्या होत्या. पुढे २००७ चं नोबेल इव्हान्सना मिळालं. कॉफमन यांचं नाव टिकलं ते प्रामुख्याने या ग्रंथामुळे, आणि मला तरी हा सौदा तोट्याचा वाटत नाही.

छापील ग्रंथाला एक मर्यादा मात्र होतीच. कॉफमन यांनी गर्भ ज्या कोनात कापला, नेमक्या त्याच कोनात तुमचा गर्भ कधीच कापला जात नाही. पाच-दहा अंशांचा फरक पडला की एकाच कापात डावीकडे एक अवयव दिसतो आणि उजवीकडे भलताच. सरावलेला माणूस मनातल्या मनात गर्भ फिरवून जुळवून घेतो, नवखा गोंधळतो. संगणकात त्रिमितीय गर्भ असेल तर तो हव्या त्या कोनात कापून दाखवता येईल, ही साधी गरज डिजिटल अ‍ॅटलसच्या मुळाशी होती.

एडिंबरोतल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मानवी अनुवंशशास्त्र केंद्रात रिचर्ड बाल्डॉक आणि डंकन डेव्हिडसन, आणि विद्यापीठातले जोनाथन बार्ड व कॉफमन, यांनी हे काम १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतलं. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीचा गट त्यांच्या जोडीला होता. दोन्ही गटांनी मिळून १९९४ साली ‘सायन्स’मध्ये उंदराच्या विकासाच्या माहितीकोशाचा आराखडा मांडला. त्या काळी इंटरनेटवर एखादं चित्र उघडायलाही वेळ लागे, हे लक्षात घेतलं तर आराखड्याचं धाडस कळतं.

कापांपासून गर्भ उभा करणं वाटलं तितकं सरळ नव्हतं. मेणात बसवलेला गर्भ मायक्रोटोमवर काही मायक्रॉन जाडीने कापला जातो. तो काप कोमट पाण्यावर पसरताना ताणला जातो, सुरकुततो, कधी फाटतो. प्रत्येक काप वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. ते संगणकात एकमेकांशी जुळवले तरी नवीच अडचण उभी राहते. केळ्याच्या चकत्या करून, मूळ केळं न पाहता, प्रत्येक चकती खालच्या चकतीशी नीट जुळवत गेलं तर शेवटी सरळ दांडा तयार होतो, बाक हरवतो. उंदराचा गर्भ तर स्वल्पविरामासारखा वळलेला. म्हणजे कापण्याआधीच्या अख्ख्या गर्भाची प्रतिमा संदर्भाला हवीच. इमॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पाने असे एकेका टप्प्याचे त्रिमितीय गर्भ तयार केले आणि त्यांत अवयव हाताने रंगवून घेतले. पुढे कॉफमन यांच्या मूळ काचपट्ट्याही स्कॅन होऊन सर्वांसाठी खुल्या झाल्या.

या प्रकल्पाचं सर्वांत टिकाऊ काम माझ्या दृष्टीने चित्रांचं नव्हेच. ते नावांचं आहे. बार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रत्येक थाइलर टप्प्यातल्या ऊतींची झाडासारखी शाखाबद्ध यादी प्रसिद्ध केली. शरीर, त्यात अवयवसंस्था, त्यात अवयव, त्यात त्याचे भाग. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. पण गर्भात अवयव स्थिर नसतात. मूत्रपिंडाचंच पाहा. गर्भात एकामागून एक तीन मूत्रपिंडं आकार घेतात. पहिलं नावापुरतं, दुसरं काही दिवस टिकून बरंचसं विरून जातं, आणि तिसरं कायमचं होतं. एका प्रयोगशाळेने ‘मूत्रपिंडात हे जनुक चालू आहे’ असं लिहिलं तर कोणत्या? वय आणि नाव दोन्ही बांधून दिल्याशिवाय दोन शोधनिबंध एकमेकांशी बोलू शकत नाहीत. ही नावांची व्यवस्था आता जॅक्सन लॅबोरेटरीचा जनुक-अभिव्यक्ती कोश सांभाळतो, आणि उंदराच्या गर्भात कोणतं जनुक कुठे चालू असतं यावरचे असंख्य निष्कर्ष तिच्याच खुंटीला टांगलेले आहेत.

एडिंबरोच्या मंडळींनी त्याला आणखी एक जोड दिली. एमेज नावाच्या कोशात जनुकाच्या अभिव्यक्तीची नोंद नुसत्या शब्दांत न ठेवता प्रमाण गर्भाच्या जागेवर रंगवली जाई. त्यामुळे प्रश्न उलटा विचारता येऊ लागला: गर्भाचा हा एवढा भाग मी निवडतो, इथे कोणकोणती जनुकं चालू असतात ते सांग. भूगोलाच्या नकाशांत ही सोय सवयीची झाली आहे, गर्भाच्या बाबतीत ती नवी होती.

आता प्रतिमातंत्रांकडे. त्यांचा इतिहास म्हणजे एकाच खेचाखेचीच्या निरनिराळ्या तडजोडी. गर्भ न कापता पाहायचा, बारकावे दिसायला हवेत, आणि शेकड्याने गर्भ पाहता यावेत. तिन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या गटाने २००१ साली एमआरआयने सहा ते साडेपंधरा दिवसांच्या गर्भांचा त्रिमितीय अ‍ॅटलस दिला. गर्भ शाबूत राहतो ही त्यातली मोठी जमेची बाजू. पण यंत्र महाग आणि वेळ फार. २००२ साली एडिंबरोतच जेम्स शार्प यांनी ऑप्टिकल प्रोजेक्शन टोमोग्राफी आणली. गर्भ रसायनात बुडवून काचेसारखा पारदर्शक करायचा, गोल फिरवत साध्या प्रकाशात त्याच्या प्रतिमा घ्यायच्या आणि संगणकाने त्रिमितीय रूप बांधायचं. जनुकाची अभिव्यक्ती रंगाने किंवा चमकीने दाखवता येत असल्याने हे तंत्र अ‍ॅटलसवाल्यांना फार मानवलं. गर्भ मोठा आणि अपारदर्शक झाला की मात्र त्याची मजल संपते.

तिथे मायक्रो-सीटी कामी येतं. क्ष-किरणांना गर्भाच्या मऊ ऊती एकसारख्याच दिसतात, म्हणून गर्भ आधी आयोडीनच्या द्रावणात मुरवतात. आयोडीन निरनिराळ्या ऊतींत कमीजास्त शोषलं जातं आणि अवयव उठून दिसतात. स्वस्त, जलद, शेकडो गर्भांना पुरणारी ही पद्धत. दोष एवढाच की आयोडीनमुळे गर्भ आक्रसतो. अगदी बारीक नसा-धमन्या पाहायच्या असतील तर हाय-रिझोल्यूशन एपिस्कोपिक मायक्रोस्कोपी घ्यावी लागते. व्हिएन्नाचे वोल्फगांग वेनिंगर आणि लंडनचे टिमोथी मोहन यांनी ती घडवली. गर्भ रंगीत प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बसवतात, आणि प्रत्येक काप काढल्यावर कापाऐवजी मागे उरलेल्या ठोकळ्याच्या पृष्ठभागाचं छायाचित्र घेतात. काप फेकून दिला तरी चालतो. ठोकळा जागचा हलत नाही, त्यामुळे चकत्या जुळवण्याची कटकटच मिटते. सगळ्या तंत्रांत मला ही कल्पना सर्वांत चतुर वाटते. अर्थात गर्भ त्यात कायमचा खर्ची पडतो.

प्रतिमा मुबलक झाल्यावर ‘नॉर्मल’चा प्रश्न समोर आला. एका गर्भाला प्रमाण मानायचं तर त्याच्या व्यक्तिगत लकबीही प्रमाण होऊन बसतात. टोरोंटोच्या माउस इमेजिंग सेंटरने २०१२ साली यावर उत्तर दिलं. साडेपंधरा दिवसांच्या ३५ गर्भांच्या मायक्रो-सीटी प्रतिमा एकमेकींशी गणिताने जुळवून त्यांनी एक सरासरी गर्भ तयार केला आणि त्यात ४८ रचना रेखून दिल्या. आता नव्या गर्भाची प्रतिमा या सरासरीवर ताणून बसवायची आणि कुठे किती ताणावं लागलं ते मोजायचं. यकृत अमुक टक्के लहान, हृदय अमुक टक्के मोठं, असं आकड्यांत बोलता येऊ लागलं. इंग्लंडमधल्या हारवेल केंद्राने २०२१ साली लामा या नावाची स्वयंचलित प्रणाली आणली, तिचा गाभाही हाच आहे.

सरासरीची किंमतही मोजावी लागते. जे अवयव प्रत्येक गर्भात जवळपास त्याच जागी असतात ते सरासरीत रेखीव होतात. ज्यांची वाट गर्भागणिक थोडी बदलते, अशा बारीक नसा आणि रक्तवाहिन्या धूसर होऊन विरतात. एखादी बारीक नस सपशेल गायब असेल तर सरासरीशी तुलना करणाऱ्या प्रणालीला ते कळेलच असं नाही. म्हणून ब्रिटनच्या डीएमडीडी प्रकल्पाने वेगळी वाट धरली. साडेचौदा दिवसांचे गर्भ एपिस्कोपिक पद्धतीने टिपायचे आणि जाणकार माणसाने एकेक प्रतिमा डोळ्यांखालून घालायची. काम कष्टाचं आणि संथ. पण जिभेला हालचाल देणाऱ्या नसेतले दोष त्यातूनच हाती लागले. एकाच जनुकात बिघाड असलेल्या, एकाच वाणाच्या भावंडांतही दोष सारखे नसतात, हेही त्यातून पुढे आलं.

आणि हे ‘साडेचौदा दिवस’ म्हणजे तरी काय? मीलनानंतर मादीच्या योनिमार्गात एक घट्ट प्लग तयार होतो. ज्या सकाळी तो दिसतो, त्या दुपारी गर्भाचं वय अर्धा दिवस धरतात. म्हणूनच या क्षेत्रात वयं साडेनऊ, साडेअकरा, साडेचौदा अशी येतात. मीलन रात्री किती वाजता झालं ते कुणी पाहिलेलं नसतं. शिवाय एकाच गर्भाशयातली भावंडंही बरोबरीने वाढत नाहीत, अर्ध्या दिवसाचं अंतर सहज पडतं. माणसाच्या गर्भात अर्ध्या दिवसाने काही बिघडत नाही. उंदराची गर्भावस्थाच जेमतेम १९-२० दिवसांची. साडेचौदाच्या सुमारास टाळूचे दोन पाखे मधे येऊन जुळतात आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा पूर्ण होतो. नाळेत उतरलेलं आतडं पोटात परततं ते आणखी दीडदोन दिवसांनी. साडेचौदाव्या दिवशी काढलेल्या गर्भात टाळू उघडी दिसली, तर तो जनुकाचा दोष की गर्भ फक्त चार-सहा तास मागे आहे? घड्याळ चुकलं तर निदान चुकतं.

यावरचे उपाय अ‍ॅटलसइतकेच महत्त्वाचे आहेत, पण त्यांची चर्चा कमी होते. कोवळ्या गर्भात पाठीच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने उमटणारे सोमाइट मोजता येतात. पुढे ते मोजणं कठीण होतं. तेव्हा शार्प यांच्या गटाने हातापायांच्या कोंबांच्या बाह्यरेषेवरून वय काढण्याची पद्धत बसवली, आणि अवघ्या काही तासांच्या फरकाने वय सांगता येऊ लागलं. साडेचौदाव्या दिवसाच्या गर्भांचे बाह्य खुणांवरून पोटटप्पे पाडण्याची रीत वेनिंगर यांच्या गटाने २०१७ साली मांडली. लामामध्ये अख्ख्या गर्भाचं आकारमान वयाच्या जागी धरून मग अवयवांची तुलना होते. सगळ्यांचा सूर एकच: कॅलेंडरवर विसंबू नका, गर्भालाच वय विचारा.

स्थिर टप्प्यांऐवजी वाढ चालू असतानाच ती टिपता आली तर? २०१८ साली अमेरिकेतल्या जनेलिया केंद्रात केट मॅकडोल आणि फिलिप केलर यांनी ते करून दाखवलं. प्रकाशाच्या पातळ पडद्याने पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली साडेसहा ते साडेआठ दिवसांदरम्यानचा जिवंत गर्भ सलग ४८ तास टिपून त्यांनी पेशींचा माग काढला आणि अनेक गर्भांच्या जुळणीतून एक चलत् अ‍ॅटलस बांधला. याच दोन दिवसांत पेशींचे थर पडतात, हृदयाचा पाया घातला जातो, मज्जानलिका आकार घेऊ लागते. गर्भाशयाबाहेर गर्भ वाढवण्याची हद्द २०२१ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या जेकब हॅना यांच्या गटाने अकराव्या दिवसापर्यंत नेली, तीही फिरत्या बाटल्यांत. पण बाटलीतल्या गर्भाला पेशीगणिक टिपणं अजून लांबचं आहे.

दरम्यान ‘अ‍ॅटलस’ या नावाखाली एक निराळंच पीक आलं. २०१९ साली साडेसहा ते साडेआठ दिवसांच्या गर्भांतल्या १,१६,३१२ पेशींची एकेक करून जनुकीय नोंद झाली. २०२४ साली आठव्या दिवसापासून जन्मापर्यंतच्या ८३ गर्भांतली सुमारे १ कोटी २४ लाख पेशीकेंद्रकं मोजली गेली, दोन ते सहा तासांच्या अंतराने. आकडे थक्क करतात. पण या पद्धतीत गर्भ सुटा करून त्याच्या पेशी वेगळ्या काढाव्या लागतात. कोणत्या पेशी होत्या ते कळतं, कुठे होत्या ते पुसलं जातं. त्याला अ‍ॅटलस म्हणणं मला थोडं सैल वाटतं, ती शिरगणती आहे. जागा राखणारी तंत्रंही आली आहेत. चीनच्या बीजीआय संस्थेच्या गटाने २०२२ साली साडेनऊ ते साडेसोळा दिवसांच्या गर्भांच्या कापांवर हजारो जनुकांची अभिव्यक्ती जागच्या जागी नोंदवली. मात्र ते कापच आहेत. कापांपासून अख्खा गर्भ कसा उभा करायचा, हा बोर्न यांच्या मेणपाट्यांचा प्रश्न नव्या रूपात परत आला आहे, आणि ताणलेल्या, फाटलेल्या कापांची दुरुस्तीही.

मेंदूची कथा स्वतंत्र लेखाची आहे. अ‍ॅलन इन्स्टिट्यूटच्या प्रौढ उंदराच्या प्रमाण मेंदूत १,६७५ मेंदूंची सरासरी आहे. वाढत्या मेंदूची तशी त्रिमितीय चौकट २०२४ साली आली. पैसा आणि माणसं जिथे जमतात तिथे अ‍ॅटलस पुढे जातो, इतकंच इथे म्हणावंसं वाटतं.

हे सारं अखेर माणसासाठी आहे असं अनुदानाच्या अर्जात लिहिलेलं असतं. तिथे सावध राहिलेलं बरं. कोवळ्या वयात माणसाचा गर्भ सपाट चकतीसारखा असतो. उंदराचा पेल्यासारखा आणि आतला थर बाहेर असा उलटा, आणि साडेआठ दिवसांनंतर तो अक्षरशः कूस बदलून सुलटा होतो. दोघांचे टप्पे एकास एक जुळत नाहीत. म्हणून माणसाचे अ‍ॅटलस माणसाच्याच गर्भांवरून करावे लागतात. ॲमस्टरडॅमच्या गटाने २०१६ साली जुन्या संग्रहातल्या सुमारे १५,००० कापांवरून तसा एक केला. २०२४ साली आयआयटी मद्रासच्या मेंदू केंद्राने ‘धरणी’ हा मानवी गर्भाच्या मेंदूचा त्रिमितीय अ‍ॅटलस खुला केला, त्यात ५,१३२ काप आहेत. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांतल्या मेंदूंची इतकी तपशीलवार नोंद भारतात झाली, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

उंदराकडे परत वळायचं तर अ‍ॅटलसच्या हद्दीचा एक मुद्दा राहतो. आजवरची बहुतेक मेहनत गर्भाच्या शरीरावर झाली. वार ही विच्छेदनाच्या वेळी पुष्कळदा बाजूला सारली जाणारी गोष्ट. डीएमडीडीने ती जपून ठेवली आणि २०१८ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडले. १०३ वाणांची तपासणी झाली. गर्भावस्थेच्या मध्यावर किंवा नंतर गर्भ दगावत असलेल्या वाणांपैकी ६८ टक्क्यांत वारेत दोष होता, आणि त्या दोषांची मेंदू, हृदय व रक्तवाहिन्यांच्या दोषांशी सांगड दिसत होती. म्हणजे हृदयाचा म्हणून नोंदवलेला एखादा बिघाड मुळात वारेतून सुरू झालेला असू शकतो, आणि गर्भाची प्रतिमा कितीही बारीक घेतली तरी त्यात तो सापडणार नाही. वारेचे टप्पे, वारेच्या भागांची तितकीच काटेकोर नावं आणि सरासरी वार कशी असते याचा त्रिमितीय नमुना, हे सगळं त्यासाठी लागेल. ते काम गर्भाच्या मानाने बरंच मागे आहे.